वाळव्याचा कुलकर्णी, मुंबईचा फडमालक

वाशीच्या सेक्टर 16 अ मधल्या नाट्यगृहावर नाव आहे विष्णुदास भाव्यांचं. भाव्यांचा वाशीशी संबंध काय? काहीच नाही. ते सांगलीचे, आणि त्यांच्या हयातीत वाशी म्हणजे खाडीकाठची आगरी-कोळ्यांची वस्ती नि भातखाचरं. तरी नाव अगदीच अस्थानी नाही. तिथून एपीएमसीच्या बाजारात जा आणि कांद्याच्या गोणी पाठीवर घेणाऱ्या माथाड्यांना गाव विचारा. पाटण, कराड, जावळी, वाळवा, शिराळा अशी उत्तरं येतील. 1980 नंतर मशीद बंदर, भायखळ्याचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्यानं खाडीपलीकडे आले आणि त्यांच्यामागे ही माणसंही कोपरखैरणे-घणसोलीत आली. म्हणजे नाट्यगृह सांगलीकराच्या नावावर आणि बाजार सातारा-सांगलीकरांच्या पाठीवर.

याच वाळव्याकडचा आणखी एक गडी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत येऊन गाजला. गाणी त्याची, चाली त्याच्या, माणसं त्यानं जमवलेली, तमाशाच्या फडावर नावही त्याचंच. आज त्याला गीतकार, संगीतकार, दिग्दर्शक आणि निर्माता अशी चार कार्डं छापून घ्यावी लागली असती. तेव्हा एकच नाव पुरायचं : पठ्ठे बापूराव.

जिल्हा नंतर झाला, कलाकार आधी

बापूराव जन्मले 11 नोव्हेंबर 1866 ला, कृष्णाकाठच्या रेठरे हरणाक्ष या गावात. आज आपण त्यांना सांगली जिल्ह्यातले म्हणतो, पण त्यांच्या हयातीत असा जिल्हाच नव्हता. वाळवा तालुका साताऱ्यात होता. 1949 मध्ये ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे बापूराव कोणाचे यावरून माथाडी वसाहतीत वाद लागलाच, तर सातारकर आणि सांगलीकर दोघांचंही खरं.

या पट्ट्यात करमणुकीच्या धंद्याची माणसं इतकी निपजली की संशय यावा. भाव्यांनी 5 नोव्हेंबर 1843 ला सांगलीच्या राजवाड्यात ‘सीता स्वयंवर’ केलं. त्याच तारखेला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. राजाश्रय गेल्यावर या गृहस्थानं खचून न जाता 1853 मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. ते लाकडी बाहुल्याही करत, आणि त्यातल्या काही बाहुल्या पुढे रामदास पाध्यांनी जिवंत ठेवल्या. तासगावकडच्या सावळजच्या उमा-बाबूंचा 1865 चा ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग मानतात. ‘शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. (जाता जाता : बालविवाहाविरुद्धच्या 1929 च्या शारदा कायद्याचा या नाटकाशी काडीचा संबंध नाही. तो हरबिलास सारडांच्या नावावरून. पण नाटक इतकं डोक्यात बसलंय की भलेभले फसतात.) बालगंधर्वांचं नाव नागठाण्याशी जोडलेलं. आणि ज्यांना आपण सर्वस्वी मुंबईचे समजतो ते अण्णाभाऊ साठे जन्मले वाटेगावात. तोही वाळवा तालुकाच.

सोवळं उतरवलं

खरं नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. घर ब्राह्मणाचं, वतन कुलकर्ण्याचं. काही काळ औंधला शिक्षण. सरळ वागला असता तर गावचं दप्तर सांभाळून, सातबाऱ्यावर शाई सांडून निवृत्त झाला असता. पण पोराला नाद लागला कवनांचा आणि मग तमाशाचा.

आज हे वाक्य वाचायला अर्धा सेकंद लागतो. तेव्हा याचा अर्थ काय होता? तमाशाचे फड होते महार, मांग, कोल्हाटी कलावंतांचे. त्यांच्यासोबत राहायचं, जेवायचं, एकाच गाडीतून गावोगाव फिरायचं म्हणजे जातीतून उठायचं. बापूरावांनी ते लपवलं नाही, उलट त्याचंच कवन केलं. त्यात ते स्वतःची जात, वतन सगळं सांगतात आणि सोवळं घडी करून ठेवल्याचंही सांगतात. आपली बदनामी दुसऱ्यानं करण्याआधी आपणच गाण्यात बांधून विकायची, ही युक्ती मला फार आवडते. आजचे रॅपर हेच करतात आणि त्याला नवी कला समजतात.

ब्राह्मण शाहीर हा प्रकार मात्र त्यांनी सुरू केला नाही. सोलापूरचे राम जोशी (1762 ते 1812) शंभर वर्षं आधी याच वाटेनं गेले होते. फरक इतका की राम जोशांच्या पाठीशी पेशवाईचा काळ होता, दक्षिणा-बक्षिसं होती. बापूरावांच्या वाट्याला आला तिकिटाचा गल्ला. आश्रयदाता राजा नव्हे, चार आणे देणारा माणूस.

रात्रभराचं ‘पॅकेज’

1907 मध्ये न्यूयॉर्कात फ्लोरेन्झ झिगफेल्डनं ‘फॉलीज’ नावाचा खेळ सुरू केला. एक सलग गोष्ट नाही. एक गाणं, मग नाच, मग पुढाऱ्यांची टिंगल, मग विनोदी प्रवेश, पुन्हा नाच. याला तिकडे रेव्ह्यू म्हणत, आणि अमेरिका त्यावर लट्टू झाली. आपल्याकडे तोवर हा मसाला पिढ्यान्‌पिढ्या तयार होता. वर शेवटी सलग गोष्टही मिळायची, फुकट.

पडदा नाही, नेपथ्य नाही. आधी ढोलकी आणि हलगी. दोघांची जुगलबंदी अशी पेटायची की गावाबाहेरच्या माणसालाही कळावं, सुरू झालं. मग गण. गणपतीला आधी रिंगणात आणल्याशिवाय खेळाला रंग चढायचा नाही, असं सांगणारा बापूरावांचा गण तर फडांच्या तोंडी इतका बसला की तो कुणी लिहिलाय हे विसरून लोक तो म्हणतात. हा खरा यशस्वी गीतकार. मागे सुरते उभे, हातात तुणतुणं आणि झांज. शाहिरानं ओळ टाकली की ते शेवटचा सूर उचलून लांबवणार. शाहिराला श्वास घ्यायला आणि पुढची ओळ आठवायला तेवढा वेळ पुरतो. सुरत्याला कुणी टाळ्या देत नाही, पण तो बसला तर फड बसला.

मग गवळण. गोपी दही-दूध घेऊन मथुरेच्या बाजाराला निघाल्यात, सोबत मावशी. ही मावशी म्हणजे लुगडं नेसलेला, कमरेवर हात ठेवलेला, दातवण लावलेला बाप्या. वाटेत कृष्ण आणि पेंद्या आडवे येतात आणि वाटेचं दाण मागतात. मावशी हुज्जत घालते. ही हुज्जत लिहिलेली नसते. ज्या गावात खेळ त्या गावचा पाटील, सोसायटी, पाणीपुरवठा सगळं तिच्यात येतं. वाशीत खेळ झाला तर मावशीनं टोलनाका सोडला नसता. खाडीपुलावरचा हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर 2024 मध्ये माफ झाला, गवळणींचा मात्र द्वापरयुगापासून चालूच आहे.

त्यानंतर बतावणी, लावण्या, सवाल-जवाब आणि रात्र उतरणीला लागली की वग. वगात राजा, राणी, प्रधान आणि सोंगाड्या. राजा कितीही मोठा असो, प्रेक्षक सोंगाड्याच्या बाजूचे. वग संपेपर्यंत तांबडं फुटायचं.

बाई आली, ती इथे आधी

बापूरावांच्या फडाचं दुसरं नाव म्हणजे पवळा. संगमनेरजवळच्या हिवरगाव पावशाची, महार समाजातली. तिच्याआधी तमाशात बाईचं काम ‘नाच्या पोऱ्या’ करायचा, म्हणजे बाईच्या वेषातला मुलगा. फडावर उभी राहून नाव कमावलेली पहिली स्त्री म्हणून पवळेचं नाव घेतात.

आता तारखांची गंमत बघा. प्रतिष्ठित संगीत नाटकात या काळात बालगंधर्व शालू नेसून भामिनी, सिंधू, रुक्मिणी होत होते आणि घरंदाज बायका त्यांची नथ, अंबाडा, पदर बघून स्वतःची फॅशन ठरवत होत्या. ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये स्त्री-भूमिका स्त्रियांनीच केल्याचं कौतुक रंगभूमीच्या इतिहासात आजही ठळक लिहितात. ते साल 1933. पवळा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फड गाजवत होती. म्हणजे ‘असभ्य’ तमाशा पंचवीसेक वर्षं पुढे होता. इतिहासाच्या पुस्तकात मात्र पहिलेपणाचा मान थिएटरच्या दर्जाप्रमाणे वाटतात.

बापूराव लिहिणार आणि पवळा ते उभं करणार. लावणीत शब्द अर्धंच काम करतात. उरलेलं डोळा, भुवई आणि थांबण्याची जागा करते. बापूरावांच्या नावावर जे यश जमा आहे त्यातला मोठा हिस्सा पवळेचा, हे मी तरी हिशेबात धरतो. पुढे दोघांचं फाटलं आणि त्यानंतर बापूरावांचा फड पूर्वीसारखा राहिला नाही. गीतकार एकटा पडला की काय होतं, याला दुसरा पुरावा नको.

कोल्हापूरचा खेळ

बापूरावांचा सगळ्यात गाजलेला वग ‘मिठ्ठाराणी’. 1908-09 च्या सुमारास तो कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांपुढे झाला. महाराजांना कुस्ती, शिकार, गाणं आणि नाटक सगळ्याचाच शौक. अल्लादियाखाँ त्यांच्या दरबारी गायक. त्याच दरबारात ढोलकी वाजली हे विशेष. जातीची उतरंड मोडायला निघालेला राजा, जात सोडलेला कुलकर्णी आणि महार समाजातली नायिका : या तिघांना एका छपराखाली आणणारी ती रात्र कुणीतरी नाटकात घालायला हवी.

गिरणीचा भोंगा आणि ढोलकी

दरबार नाव देतो, पैसा देत नाही. पैसा होता मुंबईत. गिरण्यांना माणसं पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरीच्या पाठोपाठ घाटावरचे जिल्हे : सातारा, पुणे, नगर. बायको-पोरं गावी, आपण खानावळीत जेवायचं, दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीनं झोपायचं. 1908 च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा वर्षाला एक दिवस या हिशेबानं सहा दिवस गिरण्या बंद ठेवणारी हीच मंडळी. त्यांना संध्याकाळी गाव हवा असायचा, आणि तमाशा हा तिकीट काढून मिळणारा गाव होता.

या लोकांसाठी बापूरावांनी ‘मुंबईची लावणी’ बांधली. त्यांनी मुंबईला रावणाच्या लंकेची उपमा दिली. वरवर बघता कौतुकच : सोन्याची, झगमगीत, चारी मुलखात डंका असलेली. पण लंका म्हटलं की मालक रावण, हेही आलंच. साहेबाच्या राज्यात साहेबाच्या शहराचं असं कौतुक करायचं आणि सेन्सॉरला बोट ठेवायला जागा द्यायची नाही, हा कुलकर्ण्याचा कायदेशीर मेंदू.

पुढे याच नावाची लावणी अण्णाभाऊ साठ्यांनी लिहिली. वाटेगावहून लहानपणी घरच्यांबरोबर पायी मुंबई गाठलेला हा माणूस. त्यांच्या लावणीत मलबार हिल वर आहे आणि राबणारे खाली. बापूरावांची मुंबई गावाहून नुकत्याच उतरलेल्या माणसाला दिसते तशी, तोंडात बोट घालायला लावणारी. अण्णाभाऊंची मुंबई इथे भाडं थकलेल्या माणसाची. दोन्ही लावण्या एकाच तालुक्यातल्या दोघांनी लिहिल्या. 1944 मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं, तेव्हा गणातल्या गणपतीची जागा कामगारानं आणि देशानं घेतली. साचा मात्र तोच ठेवला, कारण तो चालत होता. पुढच्याच वर्षी बापूराव गेले.

दोन लाख भागिले पन्नास

बापूरावांच्या लावण्या किती? त्यांच्या नावावर सांगितला जाणारा आकडा आहे दोन लाख.

हिशेब करू. पन्नास वर्षं अखंड लिहिलं असं धरलं तर वर्षाला चार हजार, म्हणजे दिवसाला अकरा. दिवाळी, ताप, गाडीचा प्रवास आणि पवळेशी झालेली भांडणं धरून. ‘गॉड ब्लेस अमेरिका’वाले अर्व्हिंग बर्लिन एकशे एक वर्षं जगले आणि त्यांच्या नावावर सुमारे दीड हजार गाणी आहेत. बर्लिन थकले म्हणायचे की आपले शाहीर फुगवून सांगत होते? दुसरंच खरं असणार, पण रागावण्यासारखं काही नाही. तमाशात आकडाही लावणीसारखाच असतो, ऐकताना मजा आली पाहिजे.

तरी उत्पादन प्रचंड होतं हे नक्की, आणि त्याचं कारण धंद्यात आहे. सवाल-जवाबात समोरच्या फडानं कोडं टाकलं की तिथल्या तिथे उत्तर बांधावं लागे. चाल, अंत्ययमक, पुराणातला संदर्भ आणि वर एक चिमटा, सगळं ढोलकीची एक फेरी संपायच्या आत. असं रोज करणाऱ्या माणसाच्या तोंडून दिवसाला दोन-चार रचना सहज पडत असतील. त्यातल्या बऱ्याच सकाळपर्यंत हवेत विरल्या, कारण लिहून कोण घेणार?

बर्लिन आणि बापूराव यांच्यातलं एक साम्य मात्र गमतीचं आहे. बर्लिनना स्वरलिपी लिहिता-वाचता येत नसे. पियानोवर बहुतेक काळ्या पट्ट्यांवरच बोटं चालत. दुसऱ्या सुरावटीसाठी त्यांनी पट्टी बदलणारा खास पियानो ठेवला होता. चाल सुचायची, लिहून घ्यायला माणूस असायचा. आपल्याकडे ती व्यवस्था म्हणजे सुरते. स्वरलिपी त्यांच्या कानात. 1921 मध्ये बर्लिननी भागीदारीत न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या रेव्ह्यूंसाठी ‘म्युझिक बॉक्स’ नावाचं थिएटर बांधलं. आमच्या फडमालकाचं थिएटर म्हणजे कनात. गुंडाळली की बैलगाडीत.

त्याच वर्षी, मुंबईत

1921 चंच साल. 8 जुलैला मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झालं. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन कट्टर प्रतिस्पर्धी एका रंगमंचावर : केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. वरच्या तिकिटाचा दर शंभर रुपये सांगतात. गिरणी कामगाराच्या महिन्याच्या पगारापेक्षा कितीतरी जास्त. तीनच महिन्यांनी, 4 ऑक्टोबरला, केशवराव वारले.

एकाच शहरात, एकाच काळात, दोन संगीत धंदे शेजारी शेजारी चालू होते. एकीकडे अत्तर, मखमली पडदे आणि रात्री उशिरापर्यंत ‘वन्स मोअर’. दुसरीकडे पलोत्याचा उजेड, धूळ आणि शिट्ट्या. गंमत म्हणजे बुडाले दोघेही एकाच खड्ड्यात : गल्ला भरभरून आणि हिशेब ढिसाळ. बालगंधर्वांची कंपनी ऐन वैभवात कर्जात गेली. तिकडे झिगफेल्डला 1929 च्या शेअर बाजारानं धुतलं आणि 1932 मध्ये तो देणी मागे ठेवून मेला. म्हणजे हा रोग मराठी नव्हे, जागतिक.

फडाचं अर्थशास्त्र, उभ्या उभ्या

फडमालकाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि पावसाच्या तोंडावर संपतं. हंगामाआधी कलाकारांना द्यायची ती ‘उचल’. ती पावसाळ्यात चूल पेटती ठेवते आणि कलाकाराला वर्षभर त्याच फडाशी बांधूनही ठेवते. ती बहुतेकदा सावकाराकडून काढलेली, त्यामुळे मालकाच्या मानेवर हंगामाचं व्याज पहिल्या रात्रीपासून. जत्रेचा खेळ ठरवायचा ती ‘सुपारी’. आजही चैत्रात नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन तारखा ठरवतात आणि भावाची घासाघीस कांद्याच्या लिलावाइतकीच चालते.

वरची कमाई म्हणजे दौलतजादा. लावणी रंगात आली की कुणीतरी नोट पुढे करतो. नाचणारी ती घेते, गाणं मध्येच थांबतं, देणाऱ्याचं नाव-गाव सगळ्या फडाला ऐकवलं जातं, मग पुन्हा तिथूनच सूर. शेजारच्या गावचा पाटील बसलेला असला तर त्याला दुप्पट काढावे लागतात. एका लावणीत पाच वेळा थांबायचं आणि तरी रंग उतरू द्यायचा नाही, हे कौशल्य शाहिराचं कमी, नाचणारीचं आणि ढोलकीवाल्याचं जास्त. यूट्यूबवर मध्येच येणाऱ्या जाहिरातींना वैतागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. फडात तर जाहिरातीचे पैसे प्रेक्षकच देत.

आणि याच दौलतजाद्याशी जोडलेला एक प्रसंग, जो चटपटीत मुळीच नाही. 1927 च्या महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी आपल्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारलं, असं तमाशाच्या आणि दलित चळवळीच्या लेखनात पुन्हा पुन्हा सांगितलं जातं. अस्पृश्य समाजातल्या बायकांना नाचवून मिळालेला पैसा त्याच समाजाच्या स्वाभिमानाच्या लढ्याला नको, हे त्यामागचं कारण. जात सोडून महारवाड्यात राहायला गेलेला ब्राह्मण कितीही दिलदार असला, तरी गल्ल्याच्या पेटीची किल्ली त्याच्याच कमरेला होती. बापूरावांवर जीव असणाऱ्यांनीही ही बाजू झाकू नये. त्यांच्या गाण्यांना त्यानं काही कमीपणा येत नाही. पवळेच्या हिशेबाचा प्रश्न मात्र उभाच राहतो.

मेल्यावरची कमाई

22 डिसेंबर 1945 ला पुण्यात बापूराव गेले. शेवटचे दिवस हलाखीचे. आणि मग, नेहमीप्रमाणे, बाजार तेजीत आला.

1947 मध्ये व्ही. शांताराम यांच्या राजकमलचा ‘लोकशाहीर राम जोशी’ तुफान चालला आणि मराठी सिनेमाला ढोलकीची चटक लागली. 1950 मध्ये खुद्द ‘पठ्ठे बापूराव’ नावाचा चित्रपट आला. 1958 मध्ये लावण्यांचे तीन भाग छापून निघाले. 1959 चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये 131 आठवडे ठाण मांडून बसला, आणि तमाशापटानं पुढची पंधरा-वीस वर्षं मराठी निर्मात्यांची घरं चालवली. तमाशा बघायला न जाणाऱ्या घरांतली माणसं तमाशाचे सिनेमे सहकुटुंब बघू लागली. कनातीत बसलं की बदनामी, बाल्कनीत बसलं की संस्कृती.

सरकारही उशिरा का होईना आलं. सांस्कृतिक कार्य संचालनालयाचा ढोलकी फड तमाशा महोत्सव नवी मुंबईत रंगलेला आहे. एसी सभागृह, गादीच्या खुर्च्या, वेळेवर बंद होणारा ध्वनिक्षेपक. ढोलकीवाल्यानं तिथेही तेच केलं जे तो जत्रेत करतो : पहिल्या थापेला मागच्या रांगा जाग्या केल्या.

छापलेले तीन भाग म्हणजे दोन लाखांच्या मानानं चिमूटभर. उरलेल्याची वसुली मात्र एका जुन्या युक्तीमुळे अजून चालू आहे. शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतात. कॉपीराइटच्या कायद्याला न विचारता केलेली ही नोंदणी. ते नाव काढायला गेलं की यमक मोडतं, मात्रा तुटते, म्हणून चोरणाऱ्यालाही ते गावंच लागतं. त्यामुळे जिथे कुठे बापूरावांची रचना होते, तिथे सुरते अखेरीस त्यांचं नाव लांबवतात, ढोलकीवाला तिहाई मारतो आणि विंगेतून कमरेवर हात ठेवून मावशी ओरडत येते, की बाजाराला उशीर झाला, निघा.